'येतो' म्हणायचं राहिलं

१४ जून, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे तेवढे त्यांच्या मर्जीनं वागतात. कालपासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे मोबाइलवरच टाइप करतेय. लिहिलेलं तरी वाचशील. माझी पत्रं चोरून वाचायची तुला लहानपणापासून खोडच आहे.

काल तू म्हणालास, "ताई, पोरीला तूच समजाव. एवढे मार्क पडलेत आणि म्हणे साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकणार! त्यानं चूल पेटते का?" नाही पेटत रे. मी आयुष्यभर भाषा शिकवली आणि कॉलेजनं आमचा विभागच गुंडाळला. निरोप समारंभाला आलेले निम्मे लोक चहासाठी आले होते.

पण तुझी तर पोटापाण्याची विद्या होती ना? ज्या यंत्राला तू वर्षभर हाताला धरून काम शिकवलंस, तेच तुझ्या खुर्चीत बसलं. त्यावर तू बोलत नाहीस, मीही विचारलं नाही. एकाच आईची लेकरं आपण, तोंडाला कुलूप.

माझ्या नव्या नोकरीचंही मी तुला नीट सांगितलं नव्हतं. एकटी पडलेली माणसं एका हेल्पलाइनवर मेसेज पाठवतात. यंत्र ते वाचून धोका नसेल तर हिरवी, जिवाला धोका वाटला तर लाल खूण करतं. लाल असेल त्याला लगेच माणसाचा फोन जातो. चुकून हिरवे ठरलेले शोधायचे, हे माझं काम. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या शिंप्याचा मेसेज आला: "सगळ्यांचे कपडे देऊन झाले. कात्री पुसून ठेवली. चला, जातो." यंत्रानं हिरवी खूण केली; त्याच्या लेखी काम आटोपून माणूस घरी निघालाय. मी ती लाल केली. सुपरवायझर हसला. "मॅडम, हे काय कवितेचं रसग्रहण आहे? निरोपच घेतोय ना बिचारा?" आणि त्यानं ती पुन्हा हिरवी केली. निरोप घेणारा माणूस 'येतो' म्हणतो, 'जातो' नाही, हे मी त्याला घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शिंपी त्याच संध्याकाळी गेला. माझं बरोबर निघालं याचं मला काय कौतुक? अन्न गोड लागेना. मी ऑफिसात कडाकडा भांडले आणि त्यांनी मला घरी बसवलं. हेही तुझ्यापासून लपवलं होतं.

तर पोरीला काय सांगू? माझ्या शिकण्यानं तो वाचला नाही, हे खरंच सांगेन. पण तिथं बसलेल्या सगळ्यांत त्याचं बोलणं कळलं ते मला एकटीला, हेही सांगेन. एकाऐवजी दोघांना कळलं असतं तर? शिकू दे तिला.

आता मघापासून जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. शाळेला निघताना आई तुला उंबऱ्यावरून परत बोलवायची, आठवतं? "जातो नाही म्हणायचं शहाण्या, येतो म्हण." तू दप्तर आपटून, "येतो, येतो, येतो!" म्हणत पळायचास. तेव्हापासून तू कधीच चुकला नाहीस. आई गेली त्या दिवशी तिच्या उशाशीसुद्धा तू "येतो" म्हणूनच उठलास. आणि काल फोन ठेवताना म्हणालास, "पोरीकडे लक्ष ठेव. चल ताई, जातो."

मला भीती वाटतेय रे. फार भीती वाटतेय. जीभ घसरली असेल तुझी, मी मूर्ख ठरेन. ठरू दे, जन्मभर चिडव मला. वहिनीला मी फोन केलाय, ती आज कामावर न जाता तुझ्याजवळ बसणार आहे. तिच्यावर चिडू नकोस, माझ्यावर चीड. पोटाला एक मोडकी नोकरी आणि बोलायला एक बहीण, एवढं तर आपल्या दोघांत मिळून अजून आहे. नोकरी तर आता तीही नाही म्हणा.

मी गाडीत बसलेय. दुपारपर्यंत पोचते. दार वहिनीनं उघडायचं नाही, पोरीनं नाही. तू उघडायचंस.

येते.

तुझी ताई