भागीदारीला नकार

भेस्तान, सुरत
९ फेब्रुवारी २०२५

योगेंद्रदादास,

नमस्कार. माय बरी आहे. गुडघे दुखतात, पण हे घर तळमजल्यावर असल्यामुळे भाजी आणायला ती स्वतः जाते. वहिनीचा मोठा कुकर चुकून आमच्या सामानात आला आहे, तो पाठवून देईन. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

तू पाठवलेल्या भागीदारीच्या कागदांवर मी सही करणार नाही. गेल्या आठवड्यात मी माझ्या एकटीच्या नावावर धंद्याची नोंदणी केली. एकल मालकी. ‘चंचल बोरसे डिझाइन्स’. आता ओरडायचं असेल तर ओरडून घे, मग पुढचं वाच.

तू आपल्या लिंबायतच्या वस्तीभर सांगत फिरतो आहेस की मला कुणीतरी फितवलं. कुणी नाही. मी सीए सुधाताईंकडे गेले होते. त्यांनी भागीदारी, कंपनी, एकटीचा धंदा, सगळं समजावून सांगितलं. एकटीच्या धंद्यात नुकसान झालं तर थेट माझ्या घरादारावर येईल, हेही सांगितलं. मी विचारलं, “आणि भागीदारीत?” त्या म्हणाल्या, “भागीदारीत एकाने धंद्यासाठी शब्द दिला की तो दुसऱ्यालाही बांधतो. तुम्हाला विचारलं नसलं तरी.”

मी तिथेच ठरवलं.

तू म्हणशील, बाबांच्या मागे घर मी सांभाळलं, मिलवाल्यांच्या ओळखी माझ्या. ओळखी तुझ्या, खरं आहे. साड्यांची डिझाइन्स मी काढायची, पेन ड्राइव्ह खिशात घालून तू जायचं, असंच चाललं. मी कधी तक्रार केली नाही. मग दिवाळीनंतर तू तापाने आजारी पडलास आणि मी पहिल्यांदा बमरोलीच्या मिलमध्ये गेले. तिथले मालक छगनभाई पल्लूचं डिझाइन बघून म्हणाले, “योगेंद्रभाईचा हात फार साफ आहे हो. तुम्ही त्यांच्या मदतनीस का?”

इतकी वर्षं तू तिथे माझी डिझाइन्स तुझी म्हणून दाखवत होतास. घरी येऊन मी तुला विचारलं, तर पांघरुणातूनच म्हणालास, “बाईमाणसाचं नाव सांगितलं की भाव पाडतात. तुझ्याच भल्यासाठी.” तेही मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं.

पण त्या दिवशी मिलमध्ये आणखी एकजण भेटला. कोण ते लिहायचं मघापासून टाळते आहे.

संदीप. तो आता तिथे रंगखात्यात सुपरवायझर आहे. लग्न झालंय, दोन मुली आहेत. चहाच्या टपरीवर त्याने बायको-मुलींची चौकशी करू दिली, नीट उत्तरं दिली. मग म्हणाला, “तुम्ही नाही म्हणालात, त्याचा राग नाही. फक्त स्वतः सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.”

मी म्हटलं, “मी कधी नाही म्हणाले?”

तो म्हणाला, “तुमचे दादा आले होते ना घरी. म्हणाले, चंचलला लग्नच करायचं नाही, तिला कामात रस आहे.”

आणि मला काय सांगितलं होतंस, आठवतं? “त्यांच्याकडूनच नकार आला, त्यांना घर सांभाळणारी मुलगी हवी.” मी चार दिवस जेवले नव्हते. वहिनी ताट घेऊन दाराशी उभी राहायची. तू मात्र पाचव्या दिवशी आत येऊन विचारलंस, “ती केशरी बॉर्डर कधी होणार?”

मी सासरी गेले असते तर पेन ड्राइव्ह रिकामा राहिला असता, एवढंच ना?

मायला मी सगळं सांगितलं. ती तुझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती उठून तिची ट्रंक भरायला लागली. तू परवा निरोप पाठवलास ना, मायला तरी परत पाठव म्हणून? तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहिते: “तेले सांग, मी आठेच बरी शे.” ती इथून हलणार नाही.

दोन मिलवाल्यांनी माझं काम बंद केलं. तू त्यांना काय सांगितलंस ते मला कळलं आहे. छगनभाईंनी मात्र समोर बसवून माझ्याकडून एक पल्लू काढून घेतला आणि पुढचं काम माझ्या नावावर दिलं. तेवढ्यावर आमच्या दोघींचं निभतं.

तू मायला भेटायला ये. दार उघडीन, चहा करीन. पण यापुढे माझ्या वतीने कुणाशी, कुठे, एक शब्द बोलू नकोस.

त्या वेळी मला कुणी विचारलं असतं, तर मी संदीपला हो म्हणणार होते. वहिनीला हे माहीत होतं. तुलाही माहीत होतं.

खाली ‘तुझी’ लिहायची सवय आहे. आज लिहीत नाही.

चंचल