अपेक्षित उत्तर: माहीत नाही

प्रिय खारू,

आधी घरचं सांगते, म्हणजे तू पानं उलटून शेवट बघणार नाहीस. तुझी ती सवय मला पाठ आहे. बाबा बरे आहेत. बरे म्हणजे जेवतात, झोपतात, माझ्यावर चिडतात. मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. फोटोफ्रेमचं दुकान बंद केलं. काचा, लाकडी पट्ट्या, तो मोठा कापायचा ठोकळा, सगळं समोरच्या सुताराने नेलं. आता ते खिडकीपाशी बसून डाव्या हाताने लिहायचा सराव करतात. अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय. मी हसले की पेन फेकून मारतात आणि मग तेच पेन मला उचलून द्यायला सांगतात. आई असती तर आम्हा दोघांनाही ओरडली असती. तुझी खोली होती तशीच आहे असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू, तिथे मी माझं टेबल मांडलंय. पलंग मात्र हलवलेला नाही.

मी अजून पार्सलच्या ऑफिसातच आहे. तू गेलास तेव्हा नुकतीच लागले होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या हे माझं काम. ताईला पगार दिला नसता तरी तिने हेच केलं असतं, असं तू म्हणायचास. यंदा कंपनीने सगळा कारभार जुन्या मशीनवरून नव्यावर न्यायचं ठरवलं. काही काम भाड्याच्या मशीनवर जाणार होतं, ती कुठे ठेवलेली असतात हे आम्हालाही माहीत नाही. आमचा एक मोठा प्रोग्रॅम आहे आणि त्याच्या हाताखाली पाच छोटे मदतनीस. मोठा एक ओळ विचारतो, मदतनीस एका ओळीत उत्तर देतो, संपलं. एक वजनावरून भाडं सांगतो, एक सुट्टीचे वार बघतो, असं. पाचवा पत्ते ओळखतो. लोक पत्ते काय वाट्टेल ते लिहितात रे. घराचा नंबर गायब, गल्ली भलतीच, नुसतं ‘दवाखान्यामागे, निळं गेट’. पाचव्याला असली ओळ दिली की तो पूर्ण, नीट पत्ता काढून देतो. ऑफिसात त्याला ‘उमज’ म्हणतात. तो कुणी लिहिला हे कुणालाच ठाऊक नाही.

साहेबांनी मला एक शेल स्क्रिप्ट लिहायला सांगितली, म्हणजे मशीनने एकापाठोपाठ एक पाळायच्या हुकमांची यादी. जुन्या, नव्या, भाड्याच्या अशा तिन्ही प्रकारच्या मशीनवर एकही अक्षर न बदलता चालली पाहिजे, पाचही मदतनिसांना आपणहून प्रश्न विचारले पाहिजेत, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून बघितलं पाहिजे आणि बरोबर की चूक तेवढं छापलं पाहिजे. ऐकायला सोपं. पण जुन्या मशीनवरचं शेल, म्हणजे हे हुकूम वाचणारा भाग, इतकं म्हातारं की नवी सोय दिसली की ते अडखळून बसतं. नव्यावर जे हसत चालतं ते भाड्याच्या मशीनवर रुसतं. मी माझ्या एकेक लाडक्या युक्त्या काढून टाकत गेले. शेवटी बालवाडीच्या बाई बोलतात तेवढंच उरलं: विचार, थांब, उत्तर घे, ताडून बघ, पुढे चल. मला फार आवडलं ते काम. आणि एक गोष्ट नीट लक्षात घे. प्रत्येक प्रश्नाला मदतनीस नव्याने सुरू होतो आणि उत्तर देऊन बंद होतो. मागचं काही त्याच्या लक्षात राहायची सोयच नसते.

पहिल्यांदा स्क्रिप्ट जुन्या मशीनवर चालवली, सगळं बरोबर आलं. नव्या मशीनवरही सगळं बरोबर. मग भाड्याच्या मशीनवर चालवली. चार मदतनीस पास झाले आणि उमज एका ओळीवर नापास. पत्त्याऐवजी त्याने उत्तर दिलं होतं, ‘हेच आत्ता विचारलंत.’

मला वाटलं, ऑफिसातल्या कुणीतरी माझी चेष्टा केली. मी उमजची फाईल उघडली. गावभरचे पत्ते पोटात असलेला प्रोग्रॅम चांगला गलेलठ्ठ असायला हवा. हा एवढासा. त्यात एवढंच लिहिलं होतं की आलेली ओळ एका तारेवरून पुढे पाठव आणि तिकडून येईल ते परत दे. तार जात होती आमच्या जुन्या गोदामाच्या इमारतीत, जिथे हल्ली कुणी बसत नाही. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, उत्तरं बरोबर येतायत ना, मग कशाला उकरताय.

उलगडा केला लंबूने. लंबू म्हणजे आमचा सगळ्यात जुना डिलिव्हरीवाला, दारातून वाकून आत येतो. तो म्हणाला, अहो, गोदामाच्या वरच्या मजल्यावर पत्त्यांच्या बाई बसायच्या. ज्या पाकिटाचा पत्ता लागत नाही ते त्यांच्याकडे जायचं. मग कंप्युटर आले, तशी पाकिटं जायची बंद झाली आणि ओळी जायला लागल्या. बाई पडद्यावर ओळ वाचायच्या आणि उत्तर टाईप करायच्या. म्हणजे आमचा उमज हा प्रोग्रॅम नव्हताच, एक बाई होत्या. मला ओशाळल्यासारखं झालं. मी यंत्र समजून त्यांच्यावर शेकडो प्रश्नांचा मारा करत होते, तोही तीनतीनदा. मी स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रश्नानंतर थोडं थांबायची एक ओळ घातली. चाचणीला तिची काही गरज नव्हती. त्या दिवशीच्या शेवटच्या उत्तरात पत्त्याच्या पुढे दोन शब्द जास्तीचे आले: ‘बरं केलंत.’

मग ते गाणं शिकवणाऱ्या बाईंचं झालं. त्यांचं घर माझ्या चाचणीतली एक नेहमीची ओळ होती, कारण त्यांना पार्सलं पाठवणारा भाचा पत्ता हमखास चुकवायचा. एका सकाळी ती ओळ नापास झाली. पत्ता बरोबर होता, पण पुढे लिहिलं होतं, ‘माणूस नाही.’ मी लंबूला विचारलं. तो हसला. कालच पार्सल देऊन आलोय, म्हणाला, त्यांनी मला बसवून पाणी दिलं, जिना चढू नकोस म्हणून दम भरला. मी ती ओळ पुन्हा चालवली. उत्तर तेच. संध्याकाळी लंबू आपणहून माझ्या टेबलाशी आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. गाण्याच्या बाई दुपारी गेल्या होत्या, शिकवता शिकवता. मी सकाळी विचारलं तेव्हा त्या घरात बसून पेटीवरची धूळ पुसत असतील, रे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी जुन्या गोदामात गेले. वॉचमन म्हातारा आहे, खुर्ची उन्हात ओढून बसला होता. मी म्हटलं, वरच्या बाईंना भेटायचंय. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“बाई गेल्या,” तो म्हणाला. “मीच दार तोडलं होतं. टेबलावर डोकं टेकून होत्या.”

कधी, म्हणून विचारलं तर म्हणाला, झाली काही वर्षं. माझ्या लंबूला ठाऊक नाही, साहेबांना नाही, हे कसं? तर बाई रोजंदारीवर होत्या, नातेवाईक कुणी नव्हते, आणि ऑफिसातून कधी कुणी विचारायलाच आलं नाही. का येतील? उत्तरं तर येतच होती.

त्याने किल्ली दिली, पण जिन्याच्या खालीच थांबला. वरची खोली छोटी आहे. एक खिडकी, एक टेबल, पाठ मोडलेली खुर्ची, भिंतीवर खिळा. टेबलावर मशीन नव्हतं. ते भंगारात गेलं, हे वॉचमनने खालूनच ओरडून सांगितलं. मशीनच्या जागी लाकडावर तेवढा चौकोन फिका राहिला होता. भिंतीतून आलेली तार कुणीतरी कापून, नीट वेटोळं करून खिळ्याला अडकवली होती. मी ते तोंड हातात धरून बघितलं. कशालाही जोडलेलं नव्हतं.

मला स्वतःची खात्री करून घ्यायची होती. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण ऑफिसात होती, तिला तिथूनच फोन लावला आणि म्हटलं, उमजला एक ओळ विचार, कुठलीही. तिने विचारली. तारेचं कापलेलं तोंड माझ्या दुसऱ्या हातात होतं. मैत्रिणीने पत्ता वाचून दाखवला, अगदी बरोबर. मग हसायला लागली. म्हणाली, “अगं, ह्याने पुढे काय लिहिलंय बघ. ‘उभ्या का? बसा ना.’ कसला प्रोग्रॅम आहे हा?”

मी बसले नाही, खारू. पण खुर्चीकडे पाठही करवली नाही. उलटी चालत दारापर्यंत आले.

साहेबांना काय सांगायचं? उत्तरं बरोबर आहेत. तिन्ही मशीनवर बरोबर आहेत. स्क्रिप्ट पूर्ण करून द्यायची तारीख जवळ आली होती आणि एकच चाचणी लिहायची राहिली होती. प्रत्येक मदतनिसाला एक असा प्रश्न घालायचा असतो ज्याचं उत्तर असूच शकत नाही, म्हणजे तो गुमान ‘माहीत नाही’ म्हणतो की काहीतरी ठोकून देतो ते कळतं. उमजला असा कुठला पत्ता विचारायचा? मग पर्समधून एक पाकीट काढलं.

ते बाबांचं होतं. तू निघालास तेव्हा ते काय म्हणाले होते ते तू विसरला नसशील. “जातोयस तर जा, पण पत्ता कळवू नकोस.” तू एरवी त्यांचं कधी काही ऐकलं नाहीस आणि हे मात्र शब्दशः ऐकलंस. हात गेल्यावर डाव्या हाताने त्यांनी काय लिहायला शिकून घेतलं माहितीये? पाकिटं. आत कोरा कागद असतो, वर कोंबडीच्या पायांनी लिहिलेलं: ‘खारू, पुलापलीकडे, जिथे असेल तिथे.’ मला देतात आणि म्हणतात, तू पार्सलवाली ना, टाक कुठेतरी. मी टाकत नाही, फेकूनही देत नाही. पर्सचा कप्पा भरलाय त्यांनी.

ती ओळ मी जशीच्या तशी स्क्रिप्टमध्ये लिहिली. पुढे लिहिलं, अपेक्षित उत्तर: माहीत नाही. आणि चालवली. जुन्या मशीनवर चाचणी नापास. नव्या मशीनवर नापास. दोन्हीकडे एकच पत्ता आला होता. घराचा नंबर, मजला, गल्ली, गाव. ज्या गावाचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं, ते. तिसऱ्या, भाड्याच्या मशीनवर तोच पत्ता आला आणि पुढे एक शब्द: ‘लवकर.’

मी मशीन बंद केलं आणि हे पत्र लिहायला बसले. ह्या पाकिटावर तोच पत्ता आहे, म्हणजे तू हे वाचतोयस तर बाई चुकल्या नाहीत. मी स्वतः आले असते, पण बाबांना एकटं सोडता येत नाही आणि तुझं गाव इथून फार लांब आहे. टपालावर मला भरवसा वाटला नाही. पत्र लंबूच घेऊन येतोय, सुट्टी टाकून. तो दारात उभा असेल, त्याला आत घे, डोकं सांभाळ म्हणावं. त्याच्याबरोबर दोन ओळी लिहून दे, नाहीतर त्याच्याबरोबर तूच ये. बाबांनी ते वाक्य कधीच मागे घेतलंय, फक्त तोंडाने म्हणता आलेलं नाही. ‘लवकर’ हे बाईंनी कुणासाठी लिहिलं ते मला कळलेलं नाही. बाबांसाठी की तुझ्यासाठी? विचारलं तर त्या सांगतील, एका ओळीत सांगतील. स्क्रिप्ट उद्यापासून रोज सकाळी आपली आपण चालेल, म्हणून मशीन बंद करण्याआधीच मी तिच्यातली तुझी ती ओळ काढून टाकली; गाण्याच्या बाईंसारखे पत्त्यापुढे दोन शब्द आले तर? तुझ्या हातचं अक्षर डोळ्यांनी बघेपर्यंत मला ते उत्तर नकोय.

अजूनही तुझीच,
ताई