घार आधी कोणाला ऐकू येते

सोमवार, ३ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसता 'हो हो' करतोस, म्हणून कागदावर विचारते. तुमच्या कंपनीच्या त्या लढाईच्या खेळात विमानं आणि जमिनीवरचे शिपाई यांचं पारडं सारखं ठेवणं हे तुझं काम, असं तूच सांगितलंस. टेलिफोन एक्स्चेंजात जन्मभर शेजारी शेजारी बसलेल्या आम्हा चौघींना या खेळात ओढलंसही तूच. मग हे काय चाललंय?

रोज दुपारी आम्ही पूल राखायला उभ्या राहतो आणि रोज तेच विमान येतं. वैमानिकाचं नाव 'घार'. बारकी मरते, ताई मरते, ट्रंककॉल बोलता बोलता मरते. मी घरघर ऐकते, तळघरात शिरते आणि वाचते. आता तिघींना संशय आलाय. ट्रंककॉल म्हणाली, ज्याचा भाचा कंपनीत त्याला कोण मारी! काल मला खेळायला बोलावलंच नाही. आयुष्यात माझ्याकडे कुणी असं बोट दाखवलं नव्हतं रे.

सरळ विचारते: ती घार तूच ना? मावशी म्हणून मला सोडतोस?

राग आहे तेवढीच माया आहे, हे लक्षात असू दे.

तुझी,
मावशी


शनिवार, ८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं, तर शेजारच्याने विचारलं, वकिलाची नोटीस आली का?

पुलाच्या लढाईत विमानं जरा भारी पडतात हे खरं. पण वैमानिक म्हणतात, जमिनीवरच्या तोफा आम्हाला उडू देत नाहीत. जमिनीवरचे म्हणतात, विमानं डोकं वर काढू देत नाहीत. मी दोन्हीकडच्या शिव्या खातो. आई म्हणते, मावशी लहानपणी पत्त्यात हरली की पत्त्यांवरच संशय घ्यायची.

एक सांग. घरघर ऐकू आल्यावर तू बाकीच्यांना सावध का करत नाहीस?

मावशीने रागवावं, पण पत्र पाठवणं थांबवू नये.

तुझा,
ढब्बू


गुरुवार, १३ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

माझ्या प्रश्नाला छान बगल दिलीस. तुझ्या आईला सांग, पत्ते खरोखरच खुणा केलेले होते आणि खुणा तिच्याच होत्या.

सावध का करत नाही? आपल्या कानात आलेलं आपल्याच कानात ठेवायचं, शेजारणीकडे वळायचं नाही, ही एक्स्चेंजची शिस्त. ती हाडात मुरलीय. शिवाय मला वाटलं, मला ऐकू येतं तर सगळ्यांना येतच असेल.

काल मान खाली घालून ताईकडे गेले. तिच्या खुर्चीत, तिचेच हेडफोन लावून, तिच्या नावाने खेळले. घरघर नाही की काही नाही, एकदम बॉम्ब! मग तिथेच माझ्या नावाने शिरले, तर घार पार लांबून ऐकू आली. ताई बाजूला उभी होती. तिने हेडफोन कानाला लावून ऐकलं आणि चहाचे कप उचलून आत गेली.

म्हणजे आवाज माझ्या नावाला चिकटवलाय. कोणी, ते विचारत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, पेपर आधी कळला असेल तर पहिला नंबर परत करायचा. तो आवाज माझ्याकडून काढ, नाहीतर सगळ्यांना दे. तोवर त्या तिघींना तोंड दाखवणार नाही.

या वेळी माया कमी, राग जास्त.

मावशी


बुधवार, १९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मीच केलं. मागे तुझ्याकडे आलो तेव्हा तीनदा बेल वाजवली, तुला कळली नाही. बेल बिघडलीय म्हणालीस. मी ती उघडून पाहिली, ठणठणीत होती. तुला ऐकू येत नाही म्हणून पहिल्याच फेरीत मरशील आणि खेळ सोडून पुन्हा एकटी बसशील, असं वाटलं. म्हणून विमान लांबूनच मोठ्याने ऐकवणारी, आमच्या चाचणीपुरती असलेली सोय गुपचूप तुझ्या नावावर लावली.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला झाड झाड झाडलं. मग म्हणाले, हीच सोय जमिनीवरच्या सगळ्यांना देऊन पाहू. सोमवारपासून दिली. वैमानिक माझ्या नावाने बोंबा मारताहेत.

चुकलो, पदरात घे.

तुझा,
ढब्बू


मंगळवार, २५ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तिघींना वाचून दाखवलं, बेलच्या गोष्टीसकट. डावा कान कामातून गेलाय, हेही सांगून टाकलं. ट्रंककॉल म्हणाली, तरीच! इतकी वर्षं मी तुझ्या डाव्या हाताला बसून बडबडले ते सगळं वाया गेलं. बारकी इतकी हसली की तिला ठसका लागला. ताईने या वेळी चहाचे कप भरून आणले.

काल चौघी खेळलो. घरघर चौघींनी ऐकली, चौघी तळघरात घुसलो, वर तोफेवर कोणीच नाही! पूल गेला. मग तासभर, आधी कोण पळालं यावर भांडलो. फार दिवसांनी इतकं मनसोक्त भांडण झालं.

पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. पूल पाडल्यावर घारीने आमच्या तळघरावर तीन घिरट्या घातल्या आणि तिथे बॉम्ब न टाकताच निघून गेली. पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. आता देऊही नकोस. आजपासून तोफेवर मी बसणार आहे आणि वर तूच आहेस हे पक्कं कळलं, तर माझ्याच्याने तोफ डागवणार नाही.

जेवत जा वेळेवर. माया आहेच.

तुझी,
मावशी