कुत्र्याचं पथ्य आणि मेलेल्या तोडेरचा निरोप

चि. स्मारांदा हिस थोरल्या बहिणीचा, म्हणजे परास्किवाचा, आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो माझं ऐकतो कुठे, तेव्हा त्याचं वेगळं धरावं. तिकडे इटलीत तुझी ती म्हातारी मालकीण कशी आहे? अजून पडदे रोज धुवायला लावते का? तिला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, पडदे धुतल्यानं आयुष्य वाढत असतं तर ते न धुणारे आमच्या गावातले निम्मे लोक कधीच गेले असते.

आधी महत्त्वाचं सांगते, नाहीतर तू पत्र हातात धरून रडत बसशील: तुझा कुत्रा लाबूश जिवंत आहे. फोनवर तू जे ओरडलीस, की मी त्याला मारायला निघाले आहे आणि ईस्टरला येऊन तू त्याला इटलीला घेऊन जाणार, ते मी फोन कानापासून लांब धरून ऐकलं. ने बाई. एक तोंड कमी होईल. पण नेण्याआधी खरं काय झालं ते ऐक, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि पत्राला मध्येच तोडता येत नाही.

नाताळच्या आधी आपलं डुक्कर कापलं. (चांगलं भरलं होतं. पाठीवर चरबीचा थर माझ्या तळहाताएवढा.) पेंढा पेटवून कातडं भाजलं, मंडळी जमली, कढईत पहिलं मांस पडलं, आणि लाबूश प्रत्येकाच्या गुडघ्याला नाक लावत फिरला. कोणी कान दिला, कोणी कातडं दिलं, आणि शेजारच्या सफ्तानं चरबीच्या तळलेल्या कुरकुरीत वड्या ओंजळभर दिल्या. मीही दिलं, खोटं कशाला बोलू. डुक्कर कापलं त्या दिवशी अंगणातलं कुत्रं उपाशी राहिलं तर लोक काय म्हणतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर लाबूश अंगणात पुढचे पाय लांब पसरून, छाती जमिनीला टेकवून, ढुंगण आभाळाकडे करून उभा! मी म्हटलं आळस देतोय. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तेवढ्यात सफ्ता कुंपणावरून डोकावली, आणि तिच्या हातातली बादलीच पडली. म्हणाली, "परास्किवा, अगं हा दंडवत घालतोय!" मी म्हटलं, खुळी आहेस का. ती म्हणाली, "तोंड बघ कुठे आहे. चर्चकडे! नाताळचा उपास चालू असताना काल डुक्कर खाल्लं ना त्यानं, त्याचा पश्चात्ताप करतोय. आपल्याला लाज नाही, कुत्र्याला आहे."

आता तुला सफ्ता माहीत आहे. भाकरी करपली तरी तिला त्यात संत दिसतो. दुपारपर्यंत सगळी आळी कुंपणाला लटकली. लाबूश दंडवत घाली आणि बायका क्रूसाची खूण करत. दोघींनी तर त्याच्या बरोबरीनं दंडवत घातले, त्यातल्या एकीला उठवायला दोन माणसं लागली. आणि मी, स्मारांदा, तुझी अक्कलवान थोरली बहीण, मेणबत्ती आणायला घरात गेले! एवढ्या लोकांत आपलंच कुत्रं धार्मिक निघालं म्हटल्यावर मलाही जरा चढलं होतं. मेणबत्ती घेऊन बाहेर येते तर धर्मात्मा सफ्ताच्या नव्या बुटांवर ओकत होता. पिवळं पाणी, आणि पाठोपाठ असं विव्हळणं की माझ्या हातातली मेणबत्ती विझली. पाणी दाखवलं तर तोंड फिरवलं. तेव्हा कळलं की हा पश्चात्ताप नव्हे, हे पोट आहे.

पाववाल्याच्या गाडीत घालून त्याला शहरात नेलं, मागे, पावांच्या शेजारी. (त्या दिवशीचा पाव मी घेतला नाही.) जनावरांची डॉक्टरीण म्हणजे काडीसारखी पोर, पण हात घट्ट. तिनं पोट दाबलं, रक्त घेतलं, दुखणं थांबायचं आणि ओकारी थांबायची सुई टोचली, सलाइन लावलं आणि म्हणाली, "आजी, याचं स्वादुपिंड सुजलंय. फार चरबी खाल्ली की असं होतं. असं वाकून उभा राहतो ना, ते पोटातल्या कळांनी." मी म्हटलं, इतकी डुकरं कापली, हा अवयव कधी बघितला नाही. तिनं चित्रात दाखवला. बघितला होता गं. आपण तो दरवर्षी कुत्र्यालाच टाकतो.

ठेवून घेतला, मग घरी दिला, आणि बरोबर पथ्य. कोंबडीच्या छातीचं मांस, कातडं काढून, पाण्यात उकडलेलं. मऊ भात. तेल नाही, लोणी नाही, डुकराचं तर नावही नाही. आणि एकदम ताट भरून नाही, दिवसभरात थोडं थोडं. मी विचारलं, मांजरालाही असंच का? (आपल्या बोक्याचं पोटही सुटलंय ना.) तर म्हणाली, मांजराला हा आजार झाला तर वेगळं. त्याला चरबीपेक्षा उपासाचं भय. ते खाईना झालं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच आणायचं, नाहीतर यकृत बिघडतं. बघ, एका उंबऱ्यातली दोन जनावरं आणि दोन तऱ्हा. मी घरी येऊन भात शिजवायला लागले. चमच्यानं भरवला. माझ्या नातवंडांना मी असं भरवलं नाही, ती आपोआप वाढली.

पण खरी लढाई पुढेच. सफ्ताचा नवरा तोडेर गेला तेव्हापासून ती दर शनिवारी त्याच्या नावानं ताट वाढते आणि ते लाबूशलाच आणून देते, कारण तोडेरचा या कुत्र्यावर जीव होता, भावांवर नव्हता. मेलेल्याच्या नावानं आलेलं अन्न नाकारायचं नसतं, फेकायचं तर नसतंच. इथं कोणी जे खाईल तेच मेलेल्याला तिथं मिळतं. आणि ताटात काय, तर लसूण घातलेलं सॉसेज आणि वर चरबीच्या वड्या! मी म्हटलं, ठेव, नंतर देते. ती म्हणाली, "नंतर तू खाशील." उभीच राहिली, हात कमरेवर. मी डॉक्टरणीचं सांगितलं. तर म्हणाली, "तिचं कोण मेलंय? वय काय तिचं? माझा तोडेर तिथं उपाशी बसलाय आणि ती पोरगी त्याचं ताट काढून घेणार?" आणि लाबूश, तुझा तो निर्लज्ज, शेपटी हलवत तिच्याच बाजूनं. एक सॉसेज गेलं असतं तर कुत्रं गेलं असतं. मी ताटावर डोक्याचा रुमाल टाकला, आणि तोंडातून निघून गेलं, "सफ्ता, तोडेर माझ्या स्वप्नात आला होता."

तिचे कमरेवरचे हात खाली आले. मग मी कशाला थांबते! म्हटलं, फाटकाशी उभा होता, पुरताना घातला तोच कोट, पोटावर हात. म्हणाला, परास्किवा, सफ्ताला सांग, ती पाठवते ते सगळं पोचतं, तेच तर दुखणं आहे. पोटात आग पडलीय. म्हणावं, उकडलेली कोंबडी पाठव, कातड्याशिवाय, आणि मऊ भात.

सफ्ता फाटकातच रडायला बसली. "त्याचं पोट हळवंच होतं गं. पण मला सांगायला का नाही आला?" मी म्हटलं, जिवंतपणी तुझ्यापुढे बोलायची हिंमत नव्हती, मेल्यावर कुठून येणार?

काय सांगू स्मारांदा, त्या दिवसापासून सफ्ता कोंबडी उकडते, गार करते, वरची चरबी कापडानं टिपून काढते, कातडं आपल्या बोक्यासाठी वेगळं बांधते, आणि शनिवारीच नाही, रोज आणते, थोडं थोडं, दिवसभर! डॉक्टरणीनं तपासलं तेव्हा म्हणाली, आजी, इतकं पथ्य माणसंही पाळत नाहीत. लाबूश परवा पोस्टमनच्या मागे चर्चपर्यंत पळाला. दंडवत नाही, काही नाही, पक्का नास्तिक झालाय. फक्त मी अडकले. सफ्ता रोज सकाळी कुंपणावर हजर: "काही म्हणाला का? भात मऊ आहे ना? गाजर चालेल का, विचार." मी झोपायला जाते ती आता कामाला गेल्यासारखी.

तर असं आहे. आता ये आणि ने तुझा कुत्रा. माझी सुटका होईल. म्हातारीला नमस्कार.

तुझी बहीण,
परास्किवा

ता. क. डॉक्टरणीकडे त्याच्या पासपोर्टचं विचारलं. सोपं आहे म्हणाली, लगेच करून देते. मी म्हटलं, घाई नको. तिकडे त्याला पथ्याचं कोण देईल, तुला तर भात शिजवता येत नाही, चिखल होतो.

ता. क. आणखी एक. लाबूश इटलीला गेला तर तोडेरनं जेवायचं कुठे? त्याला कोण पासपोर्ट देणार? तू त्याऐवजी बोका ने. किंवा हॅम ने, डुकराची अख्खी मांडी आहे. कुत्रा राहू दे. तो माझ्या पायाशी झोपतो, गुडघ्याला ऊब लागते, बाकी काही नाही.

ता. क. पत्र बंद करत होते तेवढ्यात सफ्ता आली. तोडेर काल रात्री शेवटी तिच्या स्वप्नात आला म्हणे. म्हणाला, लाबूशला कुठेही पाठवायचं नाही. आणि परास्किवाला सांग, कोंबडीचं कातडं ती रोज दाराआड उभी राहून खाते, ते वरून दिसतं. आता मेलेल्या माणसाचं ऐकायचं की नाही ते तू बघ. मी तर आजपासून कातडं सोडलं.