फालतू भाग वगळून

२ ऑगस्ट

पोचले एकदाची. खोली विद्यापीठापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. वरचा मजला, मोठी खिडकी, न डुगडुगणारं टेबल. भिंतींचा रंग कुणीतरी डोळे मिटून निवडलाय, पण उजेड दिवसभर छान येतो आणि मला उजेडाशी मतलब. आज मी खूश आहे, हे इथे नोंदवून ठेवते. नाहीतर माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

घरमालकीण खाली राहते. जन्मभर लोकांचे कपडे शिवले. मला काकू म्हण, असं तिने दार उघडतानाच सांगितलं, आणि मग बोलायची थांबलीच नाही. तिचं प्रत्येक वाक्य ‘म्हणजे बघ’ने सुरू होतं. जिना चढताना गुणगुणते, त्याला चाल म्हणणं म्हणजे चालीचा अपमान. शिलाई मशीनच्या वर भिंतीवर दोन मुलींचा फोटो आहे, एक ती आणि दुसरी तिची धाकटी बहीण, विशीच्या आतच वारलेली. बहिणीचा ताप, तिचे केस, तिच्यासाठी शिवलेला आणि कधीच न घातलेला फ्रॉक, हे सगळं माझी बॅग हातातच असताना मला ऐकावं लागलं.

संध्याकाळी बाबांचा फोन. बाबा लग्नाचे व्हिडिओ काढतात. नवरा-नवरीला गुलाबाच्या पाकळीत बसवून गरगर फिरवणं ही त्यांची कलेची परमावधी. त्यांनी विचारलं, लेन्स पुसायचं फडकं नेलंस ना. एवढंच. मी त्यांच्यासारखी होऊ नये म्हणून इथे आलेय, हे त्यांना कोण सांगणार.

५ ऑगस्ट

दारावर पाटी आहे, ‘चित्रपट व डिजिटल माध्यम निर्मिती विभाग’. आत बसलेल्यांकडे पाहता पाटी फारच लांबलचक आहे.

एक मुलगा वर्गातही उलटी टोपी घालतो आणि लेन्सच्या किमती अशा सांगतो, जशा इतर लोक भाच्या-पुतण्यांच्या बातम्या सांगतात. त्याचं नाव मी टोपी ठेवलंय. एक मुलगी एवढीशी, वाकलेली, खुर्ची वाजली तर खुर्चीची माफी मागणारी. ती मुंगी. संकलन शिकवणाऱ्या सरांनी कधीकाळी एक फिल्म केली होती. ती कुणी पाहिली नाही याचं कारण ते प्रेक्षकांत शोधतात.

पहिलं काम, बाहेरच्या एका माणसाचं तीन मिनिटांचं व्यक्तिचित्र. दुसरं, वर्गातल्या जोडीदाराचं. माझी जोडी मुंगीशी लागली. नशीब म्हणायचं.

एडिटिंगच्या तीन खोल्या आहेत. दारापाशी दोन, तिथे कायम बाजार भरलेला. तिसरी कोपऱ्यात, बिनखिडकीची, आणि तिच्यासाठी भांडण नाही. लॅब सांभाळणारे मामा म्हणाले, तिथल्या मशीनवर एकदा काढलेलं परत येत नाही, म्हणून पोरं टाळतात. मी लगेच नाव लावलं. काढलेलं परत हवं असणाऱ्यांना मुळात काय हवंय तेच ठाऊक नसतं.

११ ऑगस्ट

काकूचं शूटिंग केलं. दुसरं कोण शोधत बसणार, ही जिन्याखालीच मिळते. मशीनपाशी बसवली, खिडकीचा उजेड गालावर घेतला. चेहरा चांगला आहे, कबूल. बोलायला लागली आणि चेहऱ्याची माती झाली. ‘म्हणजे बघ’, ‘म्हणजे बघ’. मधेच बहीण, मग रडणं, मग नाक पुसणं, मग पुन्हा बहीण. मी मान हलवत राहिले. कॅमेऱ्यामागे उभं राहणाऱ्याला फार सोसावं लागतं.

१६ ऑगस्ट

कोपऱ्यातली खोली झकास आहे. शांत, थंड. दुपारभर बसून काकूला तासून काढली. आधी ‘म्हणजे बघ’ गेलं. मग गुणगुणणं. मग बहीण, अख्खी. उरली एक ताठ, मोजकं बोलणारी बाई आणि तिचे हात. खऱ्या काकूपेक्षा कितीतरी बरी. उरलेलं फुटेज तिथेच पुसलं आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. टोपी म्हणाला, कच्चा माल ठेवायचा असतो. त्याच्या घरी काय काय ठेवलेलं असेल, कल्पना करवत नाही.

१८ ऑगस्ट

सरांनी फिल्म वर्गात दाखवली. टाळ्या. फक्त टोपीने हात वर केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘यात बाई दिसते, पण काकू कुठे आहे?’ आणि लोकांनी माना डोलावल्या. लेन्सची दुकानदारी करणाऱ्याने मला माणसं शिकवावीत.

घरी आले तर काकू जिन्यात भेटली. पाणी उद्या सकाळी येणार नाही, भरून ठेव म्हणाली. तेवढंच. ‘म्हणजे बघ’ नाही, गुणगुणणं नाही. मी मनात म्हटलं, देव पावला.

२० ऑगस्ट

मुंगीने माझं शूटिंग केलं. माइक लावताना तिने दोनदा माफी मागितली. मी म्हटलं, विचार काय विचारायचं ते, आणि मग मीच बोलत सुटले. बाबांच्या गुलाबाच्या पाकळ्या, सरांची अदृश्य फिल्म, टोपी, सगळ्यांची हजेरी घेतली. ती ऐकत राहिली. शेवटी आभार मानले. कशाबद्दल, देव जाणे.

२४ ऑगस्ट

काकूला सहज विचारलं, बहिणीचं नाव काय होतं. ती म्हणाली, कुठली बहीण, मी एकुलती एक. मी फोटोकडे बोट दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, फ्रेमबरोबर आला असेल, दुकानदार देतात ना दाखवायला कुणाचेही फोटो.

वय झालं की होतं असं. निदान आता कुणी रडत तरी नाही.

२९ ऑगस्ट

विभागाची ओळख करून देणारी फिल्म सगळ्यांनी मिळून शूट केली, आणि एडिटिंग माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची सरांची छाती नाही. प्रत्येक शॉटमध्ये टोपी. इथे ट्रायपॉड उचलतोय, तिथे कुणाला तरी ज्ञान पाजतोय. दुपारी कोपऱ्यातल्या खोलीत बसून त्याला काढून टाकला. एकूण एक शॉटमधून. फिल्म लगेच हलकी झाली. पाहू दे त्याला, स्वतः कुठे आहे ते.

३० ऑगस्ट

टोपी आला नाही. रुसला असणार.

सरांनी हजेरी घेतली, त्याचं नाव घेतलंच नाही. मी म्हटलं, सर, एक राहिला. त्यांनी यादी पुन्हा वाचली आणि कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं आम्ही त्यांच्या विनोदांनंतर पाहतो.

ठरवून चाललंय सगळं. बावळट मस्करी. या लोकांच्या कुवतीला शोभेल अशीच.

१ सप्टेंबर

मस्करी नाही.

सरांना अभिनय येत नाही. मामांना तर नाहीच. ट्रायपॉडच्या मुठीला त्याची टोपी लटकली होती. मामांनी ती हातात धरून सगळ्यांना विचारलं, कुणाची आहे. कुणाचीच नव्हती. हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकली. मुंगीला बाजूला घेऊन विचारलं. तिने माफी मागितली. आठवत नाही म्हणाली, आणि तिचा चेहरा खरंच ओशाळलेला होता, जणू तिनेच त्याला कुठेतरी ठेवलं आणि विसरली.

इतरांच्या कार्डांवरचं कच्चं फुटेज मागून घेतलं. तो जिथे उभा होता तिथे भिंत आहे. जिथे बसला होता तिथे खुर्ची.

२ सप्टेंबर

कोपऱ्यातल्या मशीनवर सकाळपासून. परत आणायचा प्रयत्न. टोपीची एक फ्रेमसुद्धा नाही. काकूची बहीण नाही. माझी कार्डं तर मीच रिकामी करून त्यावर दुसरं शूट केलेलं.

मामा दारात येऊन म्हणाले, तुला सांगितलं होतं. ते मशीनबद्दल बोलत होते.

हे कुणाला सांगणार? या वर्गाला? त्यांना शूट करताना मोबाइल आडवा धरायचा हेही समजत नाही.

४ सप्टेंबर

काकूने खालून हाक मारली. गेले तर शिलाई मशीनसमोर बसली होती. मांडीवर मुलीचा फ्रॉक, घडीसुद्धा न मोडलेला. म्हणाली, कपाटात सापडला, माझ्याच हातची टीप आहे, पण कुणाच्या मापाचा ते कळत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

‘रडू येतंय गं,’ ती म्हणाली, ‘पण कशाचं ते सापडत नाहीये.’

मी तिला बहिणीबद्दल सांगायला लागले. ताप, केस, जेवढं ऐकल्याचं आठवत होतं तेवढं. फार नव्हतं. मी त्या दिवशी नीट ऐकलंच नव्हतं. तिने शेजारणीची गोष्ट ऐकावी तसं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बिचारी.

तशीच विभागात जाऊन कोपऱ्यातल्या खोलीची नोंद रद्द केली. मामांना सांगितलं, कोपरा मला नको, कधीच नको. दुसऱ्या कुणाला देऊ का म्हणाले. मी म्हटलं, द्या कुणालाही.

कुणालाही, असं म्हटलं मी.

७ सप्टेंबर

आज सरांनी विनोद केला आणि मी हसले. मनापासून. वर्गात दुसरं कुणी हसलं नाही.

त्यांच्या फिल्मबद्दल मी काहीतरी जोरदार म्हणायचे, पाठ होतं मला. ओठांवर येतं आणि

वही चाळली. सापडलं. वाचून हसू आलं नाही. इतकं वाईट का लिहिलं असेल हिने.

हिने नाही. मी.

८ सप्टेंबर

मामांकडे धावत गेले. कोपरा मुंगीला दिलाय. दारापाशीच्या खोल्यांत तिला कुणी बसूच देत नव्हतं, वाट पाहत होती बिचारी.

बिचारी — हा माझा शब्द नाही.

ती माझं व्यक्तिचित्र कापतेय. दार ठोठावलं. उघडलं तिने, खुर्चीही दिली. सगळं सांगितलं. टोपी, काकू, सगळं. तिने डोळे मोठे करून ऐकलं आणि म्हणाली, छान कथा आहे, यावर फिल्म कर. हात जोडले मी तिला. त्या मुंगीचे पायही धरले असते. ती इतकी घाबरली की सरांना बोलावून आणलं. सरांनी मला बाहेर नेलं, दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये म्हणाले. जाताना ती कानाजवळ येऊन हळूच म्हणाली,

‘काळजी नको करू. फक्त कडू-कडू तेवढं काढतेय. लोकांना तू आवडायला हवीस ना?’

८ सप्टेंबर, दुपारी

मुंगीच्या पडद्यावर मी दिसत होते. तोंड उघडं, थांबवलेली. खाली पट्टीवर माझे तुकडे. लांब होते, अजून खूप लांब होते. तीन मिनिटांत बसवायचंय तिला. म्हणजे बहुतेक मी —

कडू काढलं तर माझ्यात राहतं काय?

९ सप्टेंबर

‘बाबा’ या नावाने फोन येतोय. सारखा. उचलला. माणूस चांगला वाटला. जेवलीस का विचारत होता. मी म्हटलं, आपण कोण. तो म्हणाला, चिडलीस का गं माझ्यावर.

वहीत लिहिलंय ते लग्नाचे व्हिडिओ काढतात. पाकळ्या. फडकं. वाचलं तीनदा. काही हलत नाही.

रडू येतंय. कशाचं —

१० सप्टेंबर

खोलीचा रंग छान आहे.

मुंगीचं दार आतून बंद. मामा चांगले आहेत, दार तोडू देत नाहीत. मी म्हटलं तोडा, आणि मग सॉरी म्हटलं. त्यांना. दाराला. खुर्चीलाही.

हात लिहितो त्यातलं निम्मं माझं नाही. जे माझं आहे ते लवकर —

सकाळ होती. आता खोलीत आहे. मधलं नाही. चालत आले असेन ना? जिना चढले असेन?

११ सप्टेंबर

आज फिल्म दाखवणार. सगळ्यांनी मला पुढे बसायला सांगितलं. सगळे चांगले आहेत. सर फार छान शिकवतात. मुंगीने खूप मेहनत

नाही. हे नाही लिहायचं. मला लिहायचं होतं की ती — की मी असली नव्हते, मी कुणालाच सोडलं नव्हतं, मी चांगली मुळीच नव्हते, बाबा, मला त्यांना फोनवर सांगायचं होतं की तुमच्यासारखी मला

ती चांगली मुलगी आहे.

नाही. वही कुणाला मिळाली तर तिला थांबवा, अजून थोडी उरलेय, माझं नाव