खांबावरचा निळा रुमाल

३ फेब्रुवारी

माझा लाल रुमाल चोरला! ओसरीच्या खांबावर त्याच्या जागी निळा. निळा रुमाल मी जन्मात घेतला नाही. नमस्कार-चमत्कार नंतर, आधी पुरावा लिहून ठेवते. कोर्टात लागेल.

ड्राय गल्च, म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीचा नियम: सकाळी आठच्या आत खांबाला रुमाल, अंधार पडला की उतरवायचा. रुमाल दिसला म्हणजे आतलं म्हातारं जिवंत. नाही दिसला तर कमिटीची लवोन दार बडवते. महिन्यात तीन चुका, की मुलांना पत्र. शेरिलने टल्साहून बजावलंय, आई, एक पत्र आलं की घर विकून तुला नर्सिंग होममध्ये. पोटची पोर!

माझी अजून एकही चूक नाही. एक्क्याऐंशी वर्षं, डोकं सुरीसारखं.

४ फेब्रुवारी

टूरिस्टांचं काम असणार. गावाचं नाव काउबॉयच्या सिनेमातलं, म्हणून फोटो काढत हिंडतात. आज एकाने विचारलं, आजी, तो गोळीबार नक्की कुठे झाला? म्हटलं, शेजारच्या एलवूडच्या कचऱ्याच्या डब्यापाशी. टोपी काढून उभा राहिला मेला.

७ फेब्रुवारी

टूरिस्ट नाही. एलवूडच. माझ्या ग्रेपफ्रूटच्या झाडावर त्याचा डोळा आहे. रोज सकाळी माझ्या खिडकीकडे बघत कॉफी ढोसतो. जाब विचारला तर म्हणे, अगं डॉर्था, सूर्य तुझ्या बाजूने उगवतो, त्याला मी काय करू? बघा. सूर्यावर ढकलतो.

उद्यापासून साडेपाचला पहारा.

८ फेब्रुवारी

नऊला जाग आली. रुमाल बांधलेला होता. मीच बांधला असणार. झोपेतसुद्धा चुकत नाही मी.

११ फेब्रुवारी

पहारा बंद. युक्ती काढली. अंगणातली खडी संध्याकाळी दंताळ्याने सारखी केली. आता पाय ठेव म्हणावं.

१२ फेब्रुवारी

ठसे! फाटकापासून खांबापर्यंत आणि परत. उजवा पाय फरफटलेला. एलवूडचा उजवा गुडघा नवा बसवलाय. ग्रेपफ्रूटला मात्र हात नाही. म्हणजे डाव मोठा आहे.

१५ फेब्रुवारी

रोज तेच ठसे. लवोनकडे तक्रार नेली. म्हटलं, उद्या माझ्याकडे ये आणि डोळ्यांनी बघ. एलवूडला गावातून काढायला लावते की नाही पाहा.

१६ फेब्रुवारी, सकाळी नऊ

लवोन आणि मी सातपासून पडद्याआड. आठला दहा कमी असताना एलवूड आला, खिशातून निळा रुमाल काढून बांधायला लागला. मी झाडू घेऊन बाहेर. चोरा म्हटलं, भामट्या म्हटलं, आणखी काय काय म्हटलं.

तो म्हणाला, अगं बाई, तीन आठवडे तुझा रुमालच नाही खांबावर. आत तू रेडिओला शिव्या देतेस, त्यावरून कळतं जिवंत आहेस. मग सकाळी माझा बांधतो, रात्री काढून नेतो, नाहीतर पत्र जाईल ना तुझ्या लेकीला!

हे लवोनसमोर बोलला. गाढव. आणि लवोनला बोलावलं कुणी, ते लिहीत नाही.

लवोनने वही काढली. म्हणाली, डॉर्थाबाई, तुमचा लाल कुठाय? चोरलाय, म्हटलं. तिला थंड काहीतरी द्यावं म्हणून फ्रीजर उघडला. लाल रुमाल आत. मटारच्या पिशवीला बांधलेला, लाकडासारखा कडक. गेल्या महिन्यात माझा गुडघा सुजला होता, त्याला गार शेक द्यायला कुणीतरी बांधला असेल.

घरात मी एकटीच राहते.

१८ फेब्रुवारी

लवोनने पत्र नाही पाठवलं, फोन केला. शेरिलने घर विकणं लांबवलंय. तिची अट: रोज सकाळी आठला ती फोन करणार, तिसऱ्या घंटेच्या आत मी उचलायचा.

आज फोन वाजला. आवाज स्वयंपाकघरातून येत होता, पण फोन दिसेना. नवव्या घंटेला, आवाज ऐकून आलेल्या एलवूडने ब्रेडच्या डब्यातून काढून दिला. पहिलाच दिवस म्हणून शेरिलने सोडलं. तो तिथे कुणी ठेवला, त्याची चौकशी मी करणार आहे.

तोवर हुकूम: एलवूडने रोज पावणेआठला इथे हजर राहायचं. फोन माझ्या हाताशी असला तर मी बोलेन. नसला तर शोधून त्यानेच उचलायचा आणि शेरिलला सांगायचं, तुझी आई ग्रेपफ्रूट काढायला झाडावर चढलीय.