खोक्याखालची घोंगडी

शुक्रवार पेठ, सोलापूर

प्रिय बिरू,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मध्येच 'अगं आक्का, ऐक की' म्हणतोस आणि माझा सगळा राग पातळ होतो. म्हणून लिहिते. पत्रात तुला मध्येच बोलता येणार नाही. ऑफिसात तुला सगळे 'देव' म्हणतात, असं आईनं मध्ये शेजारच्या गंगम्माला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. म्हणू देत बापडे. मी बिरूच म्हणणार.

टीव्हीजवळचं तुझं ते कॉम्प्युटरचं खोकं ठीक आहे. पहिली काळजी तुला त्याचीच असणार, म्हणून आधी सांगून टाकलं. जळलेलं नाही, बिघडलेलं नाही, मी ते कोरड्या फडक्यानं पुसूनसुद्धा ठेवलंय. बिघडलंय ते वेगळंच. आईनं टीव्हीला हात लावणं सोडलंय. रिमोट माझ्या हातात देते. चटणी वाटायची असली तर मी शाळेतून येईपर्यंत मिक्सरकडे नुसती बघत बसते. मोबाईल वाजला की गंगम्माला हाक मारते. मंगळवेढ्याच्या माळावर जिनं मेंढरांचा अख्खा कळप एकटीनं वळवला, माजलेला मेंढा शिंगाला धरून आवरला, ती बाई आता फ्रीजचं दार उघडायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघते. मला हे बघवत नाही.

दिवाळीत तू ते खोकं जुळवायला बसलास तेव्हाच मला हसू येत होतं. सणाला घरी आलास आणि सगळा सण हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून स्क्रू शोधण्यात घालवलास. आईनं केलेल्या करंज्या तुझ्या शेजारी मऊ पडल्या. प्रोसेसरवर तो कसला लेप लावताना तू श्वास रोखून धरला होतास. आईच्या गुडघ्याला मलम लावायला तू असा कधी बसल्याचं मला आठवत नाही. आणि तुझा हट्ट काय, तर खोकं जेवणाच्या डब्याहून फार मोठं दिसायला नको आणि त्याचा पंखा हॉलमध्ये बसलेल्या माणसाला ऐकू यायला नको. शुक्रवार पेठेत! खाली ईरप्पाची पिठाची गिरणी, समोर बँडवाल्यांची तालीम, आणि आमच्या साहेबांना पंख्याची कुजबुज सहन होत नाही.

मोठा कॉम्प्युटर तुझ्या पुण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणार, गेम तिथं चालणार आणि चित्र इंटरनेटवरून या खोक्यात येऊन आपल्या टीव्हीवर दिसणार, हे तू आईला इतकं रंगवून सांगितलंस की तिला ते मुंबईहून मनीऑर्डर आल्यासारखं वाटलं असावं. म्हणालास, आई, रविवारी मी तिकडं खेळेन, तू इथं बघ, मी घरीच असल्यासारखं वाटेल. घरी असल्यासारखं वाटावं म्हणून एवढा खटाटोप करण्यापेक्षा सोलापूरची गाडी धरावी, असं मी तेव्हाही म्हटलं होतं. तू हसलास. तुला हसायला फार आवडतं.

पण आईला ते खरंच घरी असल्यासारखं वाटायचं. रविवारी भांडी आवरून, पदर नीट करून ती टीव्हीसमोर बसायची. तुझ्या गेममधल्या त्या गावात मेंढरं मोकाट हिंडताना दिसली तर कासावीस व्हायची. 'ह्यांच्यामागं कोन न्हाय व्हय? लांडगा आला म्हंजी?' मी ते फोनवर तुला सांगितलं आणि तू तुझा तो तलवारवाला गडी मेंढरांजवळ नेऊन उभा केलास. तेवढं चांगलं केलंस, नाही म्हणत नाही. तो आठवडाभर ती 'बिरू मेंढरं राखाय बसलाय' असं येईल त्याला सांगत होती.

आता घोंगडीचं. तू पुण्याला परतलास त्याच दिवशी तिनं ट्रंकेतून माहेरची काळी घोंगडी काढली, चौघडी घातली आणि खोक्याखाली अंथरली. आलेल्या माणसाला आपण घोंगडी टाकतो, उघड्या जमिनीवर बसवत नाही, हे धनगराच्या पोराला मी सांगायचं का? मी विचारलं तर म्हणाली, 'त्येच्यातनं बिरू येतो की. त्येला काय नुसत्या फळीवर बसवू?' थंडीत सगळं सुरळीत चाललं. एप्रिलच्या उन्हात मात्र खोक्याच्या तळाची भोकं लोकरीत बुजून ते तापायला लागलं आणि आपसूक बंद पडायला लागलं. तुझ्या बिनआवाजी पंख्याचा फायदा असा, की ते चालू आहे की बंद हे तिला कधी कळलंच नाही. काळ्या पडद्यासमोर तशीच बसून राहायची आणि म्हणायची, बिरूला काम आलं असंल.

मग त्या रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला. खोकं का लागत नाही, खाली काय आहे, दाखव. मी फोन स्पीकरवर टाकून कॅमेरा तिकडं फिरवला. तू म्हणालास, 'आई, अक्कल आहे का तुला? मशीनखाली घोंगडी घालतं का कोणी?' तिनं ती चोरी पकडल्यासारखी ओढून काढली. खोकं सुरू झालं, चित्र आलं, आणि चित्राबरोबर तुझ्यासोबत खेळणाऱ्या तुझ्या मित्रांचे आवाजही आले. पंखा ऐकू येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केलास आणि तिकडचा आवाज आपल्या टीव्हीतून ऐकू येतो एवढं तुझ्या लक्षात राहिलं नाही. तुझं आईशी बोलणं ऐकून एक जण म्हणाला, 'देव, तुझ्या आईनं कॉम्प्युटरला गादी घातली? उद्या अंगाई म्हणेल.' सगळे खिदळले. टीव्हीतून ते हसत होते आणि बंद न केलेल्या फोनमधून तू. आई घोंगडी छातीशी धरून उभी होती. मला म्हणाली, 'हसू दे. प्वारं हायती.' त्या पोरांना मी ओळखत नाही, त्यांच्यावर राग कशाला धरू? पण तू हसलास, बिरू. तुला दोन वाक्यांत गप्प करता आलं असतं त्यांना. एवढी यंत्रं गप्प करता येतात तुला.

काल तुझ्या त्या फ्लॅटच्या लांबलेल्या वास्तुशांतीची पत्रिका आली. आईनं ती देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाली, तू एकटीच जा. मला वाटलं गुडघा दुखत असेल. तर म्हणाली, 'त्येच्या घरात समदी यंत्रंच असत्याल. माजा हात कशाला तरी लागंल आनि त्येची मानसं हसत्याल त्येला.' तिला नव्हे, तुला हसतील म्हणून ती येत नाही. अंग दुखतंय म्हणून कळव, असं तिनं मला बजावलंय. मी कळवणार नाही, म्हणून हे पत्र. फोनवर सॉरी म्हणू नकोस आणि व्हिडिओ तर मुळीच लावू नकोस. पूजेच्या आधी स्वतः ये, तिच्यासमोर बस आणि हाताला धरून तिला घेऊन जा. नाही आलास तर मीही येणार नाही. घरचं कोणीच कसं दिसत नाही, असं पूजेला आलेल्या तुझ्या मित्रांनी विचारलं, तर आईचं अंग दुखतंय, असं तूच सांग त्यांना.

रागावलेली, तरी तुझीच,
सुकन्या